प्लास्टिक न काढलेली गादी

गादी घेण्याआधी दुकानात तिच्यावर झोपून बघायचं असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. कळलं म्हणजे दुकानदारानं सांगितलं, आणि सांगूनही आम्ही झोपलो नाही. भर उजेडात, काचेतून अख्ख्या हायवेला दिसेल असं बायकोच्या शेजारी आडवं व्हायचं, हे आमच्याकडे होत नाही. माझ्या वडिलांना आईच्या शेजारी मी पाहिलंय ते फक्त पूजेच्या पाटावर. तिच्या घरीही काही वेगळं नव्हतं.

पण त्याआधी हे सांगायला हवं की गादी घ्यायची वेळ का आली. तेच सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं.

माझी बायको बरीच वर्षं हॉलमध्ये जमिनीवर झोपत होती, आणि मी आत डबल बेडवर एकटा.

सुरुवात अगदी रीतसर होती. गावी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मी तिला रत्नागिरीहून मीरा रोडला घेऊन आलो. घर वन बीएचके. आईला हॉलमधल्या दिवाणावर झोपवलं. रात्री तिला बाथरूमला न्यायला कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं, म्हणून बायकोनं दिवाणाच्या पायाशी चटई टाकली, वर गोधडी अंथरली. 'मी झोपतो' असं मी एकदा म्हणालो होतो. ती म्हणाली, "तुम्हाला कामावर जायचंय." मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. आई चार वर्षं होती. शेवटी शेवटी तिला मी ओळखू येत नव्हतो, पण हिची हाक बरोबर कळायची.

आई गेली. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गाड्या गाठायला निघून गेले. भर दुपार होती. मी आत येऊन बेडवर मधोमध आडवा झालो. थोड्या वेळानं दाराशी चाहूल लागली. बघितलं तर बायको उभी होती, काखेत तिची उशी.

मी डोळे मिटले. झोप लागली नव्हती. नुसते मिटले.

ती थोडा वेळ उभी राहिली असावी. मग पावलं परत हॉलकडे गेली. त्या दिवसापासून ती तिथंच झोपत राहिली. आईचा दिवाण रिकामा होता, तरी खाली चटईवरच. ना मी तिला विचारलं, ना तिनं मला. मुलगी पुण्याहून यायची, बघायची, आणि आईवर गेलेली असल्यामुळे काही बोलायची नाही.

डोळे का मिटले, याचं कारणही आता लिहून टाकतो. माझ्या मनात अढी होती. आई यायच्या कितीतरी आधीपासून, लग्न झाल्यावर वर्षभरातच, बायको माझ्याकडे पाठ करून झोपायला लागली होती. नुसती पाठ नव्हे; बेडच्या पार कडेला, आणखी चार बोटं सरकली तर खाली पडेल अशी. मी त्याचा अर्थ लावला. हिला आपल्याशेजारी झोपायला आवडत नाही, रीत म्हणून झोपते, असा. विचारलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. पण आमच्या घराण्यात विचारण्यापेक्षा रुसून बसणं सोपं मानतात. मी आतल्या आत रुसलो, तेही इतकं बेमालूम की तिला पत्ताच नाही. दिवसाचं सगळं ठीक चाललं होतं. भाजी आणायची, मुलीचा अभ्यास, सणवार, सगळं. दोघं मिळून हसायचोसुद्धा. म्हणून त्या दुपारी ती उशी घेऊन आली, तेव्हा माझ्या मनात आलं, आता आईची सेवा संपली म्हणून आठवण झाली का? आई जाऊन दोन आठवडे झाले नव्हते, आणि तिचं सगळं जिनं केलं तिच्याबद्दल मी हा विचार केला.

मग तिचा गुडघा गेला. सकाळी जमिनीवरून उठताना ती दिवाणाचा पाय धरायची, आधी एका गुडघ्यावर, मग हातावर, मग उभी. एकदा मी चहाची वाट बघत दारातून हे पूर्ण पाहिलं, आणि त्या दिवशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर झोपणं बंद. कमरेचंही दुखणं आहे, तेव्हा गादी फार मऊ नको, फळीसारखी कडकही नको. मध्यम घ्या. आणि स्वतः बघून घ्या, असं माझ्याकडे बघून म्हणाले.

परतताना शेअर रिक्षात ती म्हणाली, "दिवाणावर एक सिंगल गादी टाकू. झालं."

मी "हं" म्हणालो. मला म्हणायचं होतं, आत ये. पण रिक्षात तिसरे एक गृहस्थ मांडीवर सिलिंग फॅनचा खोका घेऊन बसले होते. मला बोलायचं नसलं की कोणीतरी खोका घेऊन बसलेलंच असतं.

रविवारी आम्ही काशीमिऱ्याच्या पुढे, हायवेला फर्निचरची दुकानं लागतात तिथं गेलो. दुकानदार गुजराती, माझ्याच वयाचा, बोलघेवडा. मराठी, हिंदी, गुजराती एकाच वाक्यात वापरणारा.

"बोला काका, साइज काय? तीन, चार, पाच, सहा?"

म्हणजे रुंदी, फुटांत.

"तीन," बायको म्हणाली.

तो तीनच्या गाद्यांकडे वळला. मला एकदम कळलं की आता बोललो नाही, तर हे कायमचं ठरलं. तीन फुटांत एक माणूस झोपतं. ती तीन फुटांवर हॉलमध्ये, मी पाच फुटांवर आत, आणि उरलेलं आयुष्य असंच.

"पाच," मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"बेड पाचचा आहे," मी म्हणालो.

"दिवाण तीनचा आहे," ती म्हणाली.

"दिवाणाची फळी ढिली झालीय."

फळीला काही झालं नव्हतं. तो दिवाण रोज तीच पुसायची, त्यामुळे हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिनं पदर खांद्यावर नीट केला आणि दुकानदाराला म्हणाली, "पाच दिखाओ."

दुकानदारानं चार-पाच प्रकार दाखवले. काथ्याची, फोमची, स्प्रिंगची. म्हणाला, "दोनों साथ में लेट जाओ. आराम से. इधर सब लेटते हैं, शरमाने का नहीं."

"लेटने का क्या है?" बायको म्हणाली. "हाथ से समझता है." आणि कणीक मुरली का बघावं तशी तळव्यानं एकेक गादी दाबत गेली.

"भाभी, हाथ को नहीं सोने का है. पीठ को सोने का है."

ती हसली, पण लेटली नाही. मी बसून दोनदा उडी मारल्यासारखं केलं. एक जाड, मऊ फोमची गादी होती. तिच्यावर बसलो की लग्नातल्या सोफ्यात रुतल्यासारखं वाटायचं. मला तीच आवडली. इतकी वर्षं फरशीवर काढलेल्या माणसाला मऊ द्यावं, एवढाच हिशोब. डॉक्टरांचं 'मध्यम' मी दुकानाच्या पायरीवरच विसरलो.

दुकानदार जरा घुटमळला. "काका, तुमचं वजन आणि भाभीचं वजन... फरक आहे. ही दबते."

मला वाटलं, माझ्या पोटावर बोलतोय. "पॅक करा," मी म्हणालो.

"जशी मर्जी. नाही जमली तर महिन्याभरात आणा, बदलून देईन. फक्त डाग नको हां."

हे 'डाग नको' बायकोनं पक्कं लक्षात ठेवलं.

गादी टेम्पोतून आली. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून दोन माणसांनी जिन्यानं चढवली, आणि मजल्यामजल्यावर दारं उघडली. समोरच्या काकूंनी विचारलं, "नई गद्दी? किसके लिए?" बायको म्हणाली, "पलंग के लिए." मला तिचं कौतुक वाटलं. याहून खरं आणि याहून कमी उत्तर मलाही सुचलं नसतं.

प्लास्टिक काढायचं नाही, असं तिनं जाहीर केलं. परत करायची वेळ आली तर? आमच्या घरात टीव्हीचा रिमोट अजून त्याच्या मूळ पिशवीत आहे, तेव्हा मलाही यात काही वावगं दिसलं नाही. प्लास्टिकवर चादर घातली. ती घसरायची. चारी कोपरे खोचले तरी सकाळपर्यंत गोळा होऊन मधोमध यायची.

पहिल्या दिवशी ती उशी घेऊन आत आली आणि म्हणाली, "महिनाभर बघायला हवी ना. वापरल्याशिवाय कसं कळणार?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे आलेली नव्हती, गादी तपासायला आली होती. दोघांनाही सोयीचं होतं ते. या खेपेला मी डोळे उघडे ठेवले होते आणि एका बाजूला सरकून बसलो होतो, पण हे तिला दिसलं की नाही कोण जाणे. ती लगेच पाठ करून कडेला गेली. मी मनात म्हटलं, बघ. तेच.

पण त्या प्लास्टिकनं आमची पंचाईत केली. कूस बदलली की चुरचुर वाजायचं. तिनं पाय हलवला की मला कळायचं, मी हात उचलला की तिला. पूर्वी दोघं जागे असलो तरी झोपल्याचं सोंग चालून जायचं. आता गादीच चहाडी करायची. तो जागा आहे, ती जागी आहे, आणि दोघं गप्प. पाठीला घाम फुटायचा तो वेगळाच. तिची कंबर पहिल्यापेक्षा जास्त धरली आणि उजवा हात मनगटापासून भरून यायला लागला. ती तक्रार करत नव्हती. मी विचारलं की म्हणायची, "नवीन आहे, सवय होईल."

मला भीती वाटू लागली होती ती वेगळी. गादी जमली नाही तर महिन्याच्या शेवटी ती परत जाईल, आणि गादी परत गेली की बायको पुन्हा तिच्या चटईवर. पुन्हा आत यायला तिला दुसरं कुठलं निमित्त मिळणार होतं? आणि मी काही बोलणारा माणूस नव्हे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

असाच एक रविवार. उत्तनहून येणाऱ्या कोळणीकडून बोंबील घेतले होते, त्यांचं जेवण झालं, आणि वामकुक्षीला आम्ही आत आलो. पडदा लावायचा राहिला होता. खिडकीतून ऊन थेट तिच्या अंगावर. ती पाठ करून, कडेला. मी सहज मान वर करून बघितलं, आणि तिचा उजवा हात मला पहिल्यांदा दिसला. बेडच्या बाहेर जाऊन चार बोटं गादीच्या खाली घुसली होती आणि तिनं गादीची कड घट्ट धरली होती. नखं पांढरी पडली होती. बसमध्ये उभ्या माणसानं दांडा धरावा तशी पकड.

"काय धरलंयस?"

"कुठे काय?"

"हात बघ."

तिनं दुसऱ्या कोणाचा असावा तसा आपल्या हाताकडे पाहिलं. "सवय," ती म्हणाली.

"कसली सवय?"

"घरंगळते ना मी. तुमच्याकडे उतार असतो."

"अगं, गादी नवीन आहे."

"माणूस तोच आहे ना."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. "म्हणजे जुन्या गादीवरही?"

जुनी गादी तिच्या माहेरची, कापसाची. मधे एकदा गच्चीवर पिंजून घेतली होती, तरी वर्षभरात माझ्या बाजूला पुन्हा खड्डा पडला होता.

"तेव्हापासूनच," ती म्हणाली. अजून पाठ माझ्याकडेच होती. "लग्न नवीन होतं. तुम्हाला सेकंड शिफ्ट. एकदा झोपेत घरंगळून तुमच्या अंगावर आले, तर केवढ्यानं ओरडलात. म्हणालात, झोपू दे ना जरा, काय अंगावर येतेस."

"मी?"

"मग कोण, शेजारचे?"

मला अजिबात आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण आवाज माझाच असणार, त्यात शंका नाही.

"म्हटलं, बिचारे दमून येतात, झोपमोड नको. म्हणून धरायला लागले. मग हातच आपोआप धरायला लागला."

"आणि पाठ?"

"पाठ काय?"

"माझ्याकडे पाठ करून झोपायचीस ती."

आता ती वळली. प्लास्टिक जोरात चुरचुरलं. "अहो, कड धरायची तर तोंड कडेकडेच होणार ना. तुमच्याकडे तोंड करून कड कशी धरू? हात काय मागून काढू?"

मी छताकडे बघत राहिलो. एका गादीच्या उतारावर मी अख्खं मन बांधलं होतं. ती माझी झोप मोडू नये म्हणून कडेला लटकत होती, आणि मी तिच्या पाठीशी अबोला धरून होतो. एवढ्या वर्षांचा.

मग मी बोललो. ठरवून नाही. दुपारच्या उन्हात तिचा चेहरा हातभर अंतरावर होता, आणि मधे खोका घेऊन बसलेलं कोणी नव्हतं.

"आईसाठी तू बाहेर झोपायला लागलीस ना," मी म्हणालो, "तेव्हा मला बरं वाटलं होतं."

तिनं गोळा झालेली चादर ओढून सरळ केली.

"मलाही," ती म्हणाली.

"काय?"

"मलाही बरं वाटलं होतं. फरशी सपाट असते. कोणीकडेच घरंगळत नाही माणूस."

आणि ती हसायला लागली. मीही. दोघं हललो तशी गादी चुरचुरत राहिली, त्याचंही हसू आलं. हसू ओसरल्यावर मला वाटलं, इथं थांबलो तरी चालेल. आता गोड झालंय, कशाला पुढे जा? पण इथं थांबणं म्हणजे पुन्हा तेच डोळे मिटणं झालं असतं.

"तेराव्याच्या दुपारी तू उशी घेऊन आली होतीस."

"हं."

"मी जागा होतो."

खाली कोणाची तरी गाडी रिव्हर्स येत होती, तिची ती ट्यून वाजत होती.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"तुम्ही झोपलात की घोरता. त्या दिवशी आवाज नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? आई गेली होती तुमची. म्हटलं, माणसाला एकटं पडावंसं वाटत असेल. तेवढं तर मिळायला हवं."

माझ्या त्या करणीला तिनं माझ्याहून चांगलं कारण शोधून ठेवलं होतं, आणि ते इतकी वर्षं जपलं होतं. ते मला तसंच घेता आलं असतं. 'हो, तसंच होतं' म्हटलं असतं तर तिनं मानलंही असतं. त्या क्षणी मोह झाला, हेही लिहायला हवं.

"तसं नव्हतं," मी म्हणालो. "मला राग होता. तुला माझ्याशेजारी झोपायला आवडत नाही असं वाटायचं. पाठ करून झोपतेस म्हणून."

"केव्हापासून?"

"लग्नानंतर वर्षभरात."

"एवढी वर्षं राग? पाठीवर?"

"हो."

"शहाणेच आहात," ती म्हणाली. मग छताकडे बघून, सावकाश, "मला वाईट वाटलं होतं हो त्या दिवशी. खोटं कशाला सांगू. हॉलमध्ये येऊन उशी ठेवली आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती. पुन्हा घासली. तेराव्याची मोठी पातेली, शेजाऱ्यांची आणलेली. त्यांनी परत घेताना विचारलं, इतनी चमक कैसे आई."

मी तिचा हात घेतला. भरून आलेलाच होता तो, बोटं आखडलेली. मी एकेक बोट चोळून मोकळं करत बसलो. हे एवढं मला तिशीत करता आलं असतं. ती म्हणाली, "जरा मनगटाकडे पण." म्हणून मनगटाकडेही केलं.

"आणि गादी?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"ही द्या परत. या उतारावर मी नाही झोपणार."

चोळता चोळता माझा हात थांबला. तिनं ते बघितलं असावं.

"बदलून आणू," ती म्हणाली. "पाचचीच."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच दुकान. दुकानदारानं मला बघून नुसती मान डोलावली, मी सांगितलं होतं असं तोंडानं म्हणाला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. बायको त्याला म्हणाली, "आज लेट के देखेंगे."

"बोला था ना, भाभी."

आणि तिनं विचारलं, "इधर उत्तर किधर है?"

दुकानदाराला ग्राहकांचे सगळे प्रश्न पाठ असणार, पण हा नवीन होता. त्यानं हायवेकडे हात केला, मग चेणे गावाच्या बाजूला केला, मग आपल्या पोराला हाक मारून विचारलं. शेवटी मोबाइलवर होकायंत्र उघडून ठरलं, की सगळ्या गाद्यांच्या उशा नेमक्या उत्तरेला मांडलेल्या आहेत.

"मग नको. उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात."

"भाभी, दस मिनिट का सवाल है."

"दस मिनिट में भी आदमी जा सकता है."

तेव्हा आम्ही उलटे झोपलो. उशा उचलून पायथ्याला आणल्या, चपला खाली काढल्या, तिनं पर्स पोटावर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरली. शेजारी एक कुटुंब सोफा बघत होतं, त्यातला लहान मुलगा येऊन आमच्या पायांशी उभा राहिला आणि टक लावून बघायला लागला. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण बायको त्याला म्हणाली, "काय रे, तुला पण झोप आलीय का?" तो पळाला, आणि मग मला काही वाटेनासं झालं.

काथ्याची कडक गादी पहिली. दुकानदार म्हणाला, "भाभी, कुशीवर. काका, आता तुम्ही त्यांच्या कमरेखाली हात घाला."

"मी?"

"मग काय मी घालू?"

मी घातला. एखाद्या परक्या माणसाच्या हुकमावरून, हायवेवरच्या दुकानात, ट्यूबलाइटखाली, मी बायकोच्या कमरेखाली हात घातला. हात आरपार गेला. म्हणजे कंबर अधांतरी; म्हणजे जास्त कडक. मग आमच्या गादीसारख्याच मऊ फोमवर. हात शिरेचना. म्हणजे जास्त मऊ. तिसरी स्प्रिंगची, पण प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली, वर फोमचा थर. एक दबली तरी शेजारची दबत नाही, असं त्याचं म्हणणं. हात गेला, पण अंगाला घासून. मी तिथंच ठेवला थोडा वेळ. खात्री करायला.

"आता काका, कूस बदला. जोरात."

मी बदलली. चांगला धपकन.

"भाभी, काय कळलं?"

"काय कळायचं?"

"बस. काही नाही कळलं म्हणजे बरोबर."

मी मान वळवून बघितलं. तिचे दोन्ही हात पर्सवर होते.

"ही," ती म्हणाली. दुकानदारानं लगेच वर दोन उशा आणि पाणी न शिरणारं कव्हर खपवायचा प्रयत्न केला. कव्हर आम्ही घेतलं, कारण तिला पुन्हा डागांची आठवण झाली. घरी गादी आल्यावर प्लास्टिक मात्र तिनं दारातच भाजीच्या सुरीनं कापलं.

टेम्पोवाल्यांना तिनं आणखी एक काम सांगितलं. बेड खिडकीखाली ओढून एका बाजूनं भिंतीला चिकटवून घेतला. भिंतीकडची बाजू तिची. आमच्याकडे बायका बाहेरच्या बाजूला झोपतात, पहाटे कोणाची झोप न मोडता उठता यावं म्हणून. माझी आई तशीच झोपायची, तिची आईही. मुलगी व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, "आई, गुडघा दुखतोय आणि तू आत? बाहेर कशी येणार?"

"तुझे बाबा उठतील की."

तर आता मी उठतो. तिला पाणी हवं असतं, बाथरूमला जायचं असतं, दुधाच्या पिशवीसाठी बेल वाजते. खांद्यावर हात पडतो. "अहो, उठा. सरका." मी उठून बाजूला उभा राहतो, दंड पुढे करतो, ती धरून उतरते. परत आली की पुन्हा तेच. पूर्वी जिनं माझी झोप मोडू नये म्हणून हात बधिर करून घेतला, ती आता बिनदिक्कत उठवते, कधी कोपरानंसुद्धा. ऑफिसात मला जांभया येतात. शेजारच्या टेबलवरचे विचारतात, झोप नाही झाली का? मी म्हणतो, नाही झाली. हे म्हणताना जे वाटतं ते त्यांना कसं सांगणार? देवळात गेल्यावर मला कधी काही मागायला सुचलं नाही, आभार मानायला तर नाहीच. हल्ली सुचतं.

कधी कधी पहाटे मला आपोआप जाग येते. ती अजून आडवीच असते, माझ्याकडे तोंड करून. मी हळूच विचारतो, "जायचंय का?"

"नाही," ती म्हणते. "झोपा तुम्ही."